हा कोणता किडा आहे गं?

मृग लागला की, म्हणजे ७-८ जूनच्या आगेमागे, माझ्या व्हॉट्सअॅपवर किड्यांचे फोटो पडायला लागतात, खरा पाऊस येवो न येवो. कृषीला असताना कीटकशास्त्र हा एकच विषय मी मन लावून केला होता, तेवढ्या भांडवलावर घरच्यांनी मला किडेवाली करून टाकलंय. फोटो बहुतेक वेळा हललेला, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, आणि खाली ठरलेला प्रश्न, हा कोणता किडा आहे गं, चावतो का.

यंदा पहिला नंबर मावशीचा. ओल्या मातीवर लालभडक मखमलीचा ठिपका आणि खाली "मृगाचा किडा निघाला बघ, आता पडतोय पाऊस". मी लिहिलं, मावशी फोटो भारीच, फक्त हा कीटक नाहीये हां, पाय मोज. रुसलेला चेहरा आला, मग दहा मिनिटांनी नुसतं "आठ". आठ पाय म्हणजे हा कोळ्याच्या गोतावळ्यातला. भेंडी-वांग्यावर शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात आणि ज्याच्यासाठी दुकानात वेगळं कोळीनाशक मागावं लागतं, त्याचाच हा गुटगुटीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा भाऊबंद. आता गंमत बघा, हाच प्राणी अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात, त्या वयात तो दुसऱ्या कीटकांच्या अंगाला चिकटून जगतो, आणि पायांची चौथी जोडी नंतर येते. म्हणजे पाय मोजा हा पहिलाच नियम पहिल्याच उदाहरणात घसरला. कीटक ओळखण्याचा सगळा मामला असाच आहे, नियम सोपे असतात, आणि प्रत्येक नियमाला वाकुल्या दाखवणारं कुणीतरी असतंच.

तशी मावशीचीही चूक नाही. मराठीत किडा हा शब्द ऐसपैस आहे, त्यात गोम येते, अळी येते, धान्यातलं सोंड्याचं पिल्लू येतं, डोक्यात वळवळतो तोही येतो. कीटक हा शब्द मात्र मोजूनमापून वापरायचा. अंगाचे तीन भाग, डोकं, छाती आणि पोट. डोक्यावर मिशांची एकच जोडी, पुस्तकात तिला स्पर्शिका म्हणतात. आणि पायांच्या तीन जोड्या, तिन्ही छातीला जोडलेल्या, पोटाला एकही नाही. पंख असतील तर तेही छातीलाच. एवढ्यावर कोळी, विंचू, गोचीड बाहेर, सगळे आठपायी. गोम बाहेर, कारण तिच्या जवळजवळ प्रत्येक मणक्याला पायांची एकेक जोडी, आणि तो पावसाळ्यात भिंतीवर चढणारा, हात लावला की पैशासारखा गोल होणारा वाणी, तोही बाहेर, त्याच्या तर बहुतेक मणक्यांना दोन-दोन जोड्या. ऊ, पिसू आणि ढेकूण मात्र आत, पंख नसले तरी पाय सहाच.

मग लगेच शंका येते, अळीचं काय? तिला तर पायच पाय. एखादी अळी काचेच्या बरणीत सोडा आणि खालून बघा. डोक्यामागे छातीला तीन जोड्या टोकदार, सांधे असलेल्या पायांच्या दिसतील, ते खरे पाय. मागे पोटाला जे मांसल खुंट असतात ते नुसते धरून ठेवायला, त्यांच्या तळाला बारीक आकड्या असतात. अळी फुलपाखराची झाली की हे खुंट जातात आणि पुढचे सहा राहतात. सोयाबीनवरची उंटअळी पाठीची कमान करून का चालते तर तिच्या मधल्या भागात हे खुंट कमी असतात, म्हणून मागचं टोक पुढे ओढून आणावं लागतं. नाव ठेवणाऱ्या शेतकऱ्याने चाल बघितली, पुस्तकवाल्याने खुंट मोजले, दोघं पोचले एकाच ठिकाणी.

आता कीटक आहे हे ठरलं, पुढे काय. जगात आतापर्यंत नाव मिळालेल्या कीटकांच्या जातीच जवळपास १० लाख आहेत. पण तुम्हाला १० लाख लक्षात ठेवायच्या नाहीयेत, सहा-सात मोठी घराणी कळली की रोजच्या नव्वद टक्के फोटोंना मी उत्तर देऊ शकते (हा आकडा माझ्या इनबॉक्सचा, शास्त्राचा नाही). या घराण्यांना गण म्हणतात. आणि गण ओळखायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे पंख.

गावी आमच्याकडे पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली पाण्याची परात ठेवतात, दिव्यावर आलेले किडे पटापटा त्यात पडतात. सकाळी बाकीचे ती परात उकिरड्यावर पालथी करायला निघतात आणि मी आडवी येते. तुम्हीही एकदा ती परात घेऊन बसा, दहा रुपयांचं भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करा, चालतं.

सगळ्यात वर तरंगतात ते भुंगेरे. पाठ कडक, टकटक वाजणारी, आणि पाठीवर मधोमध एक सरळ रेघ. ती रेघ म्हणजे पुढचे दोन पंख जिथे मिटतात तो सांधा. हे पुढचे पंख आता उडायला नाहीत, ते झाले म्यान, खरे उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. टोकदार काडीने म्यान उचललं तर ती घडी दिसते, छत्रीसारखी. गणाचं नाव कोलिऑप्टेरा, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच म्यानपंखी, आणि हा शब्द अॅरिस्टॉटलच्या वेळेपासूनचा आहे. नाव मिळालेल्या जातींमध्ये सगळ्यात मोठं खातं यांचंच, चार लाखांच्या घरात. काजवाही यातलाच, इंग्रजीत त्याला माशी म्हणत असले तरी. तांदळातला सोंड्या, नारळावरचा गेंड्या भुंगा, हुमणीचे भुंगेरे, पिकाचा रस ओढणारा मावा नावाचा बारीक किडा खाणारे ते लाल-काळे ढालकिडे, सगळे म्यानवाले.

त्याच्या शेजारी एक चपटा, हिरवट, हात लावला तर उग्र वास मारणारा. पाठीवर रेघ नाही, तर एक त्रिकोण, आणि पंख एकमेकांवर फुलीसारखे चढलेले. पंखाचा पुढचा अर्धा भाग चामड्यासारखा आणि टोक पातळ पारदर्शक, म्हणून नाव हेमिप्टेरा, अर्धपंखी. पालथा करा, डोक्याखाली एक सुई छातीवर दुमडून ठेवलेली दिसेल. हा ढेकणाचा गण. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, सिकाडा, पाण्यावर पळणारे ते लांब पायांचे निवळकर, सगळे इथले, सगळ्यांना ती सुई.

बोटाला धूळ लागली तर पतंग. ती धूळ म्हणजे कौलांसारखे रचलेले बारीक खवले, लेपिडॉप्टेरा म्हणजे खवलेपंखी. फुलपाखरू आणि पतंग एकाच गणाचे, रात्री उडतो तो पतंग असं ढोबळ म्हणतात, पण दिवसा उडणारे पतंगही बरेच आहेत, तेव्हा मिशा बघा, फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला आगकाडीसारखी गाठ असते, पतंगाची मिशी धाग्यासारखी नाहीतर पिसासारखी. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ मध्ये जाहीर झालं, त्याचा फोटो शोधा आणि मिशा झूम करा, गाठ स्पष्ट दिसते.

चिलटं, डास, घरमाशी यांना दोनच पंख, म्हणून डिप्टेरा. मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन घुंड्या, उडताना तोल सांभाळायला. मधमाशी, गांधीलमाशी, मुंग्या यांचा गण हायमेनॉप्टेरा, चार पातळ पंख, पुढचा आणि मागचा बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकवलेला, त्यामुळे लांबून दोनच आहेत असं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. म्हणजे मधमाशी ही माशी नाहीच. आणि उलटा प्रकारही आहे, फुलावर हवेत एका जागी हेलिकॉप्टरसारखी थांबणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची जी मधमाशी म्हणून आपण घाबरून हात झटकतो ती बऱ्याचदा पट्टेवाली माशीच असते, बिनडंखाची. पंख दोन, मिशा अगदी तोकड्या, आणि डोळे एवढे मोठे की डोकं म्हणजे डोळेच. पट्टे हा उसना युनिफॉर्म.

नाकतोडे, रातकिडे, टोळ हे ऑर्थोप्टेरा, सरळपंखी, मागच्या तंगड्या उडीच्या. चतुर आणि टाचणी यांचा गण वेगळा, बसल्यावर पंख पसरलेले असतील तर चतुर, मिटलेले असतील तर बहुधा टाचणी. हे दोन पटकन उरकते कारण परातीत मला ज्याच्यापाशी थांबायचंय ते वेगळंच आहे.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून धूर निघाल्यासारखे पंखवाले किडे निघतात, सकाळी घरभर नुसते पंख पडलेले असतात. अर्धे लोक म्हणतात मुंग्यांना पंख फुटले, अर्धे म्हणतात वाळवी. परातीत दोन्ही सापडतात, एकेक उचलून शेजारी ठेवा. मुंगीची कंबर बघा, बारीक, दोरा बांधल्यासारखी. वाळवीला कंबर नाहीच, छातीपासून पोटापर्यंत सरळसोट. मुंगीची मिशी कोपरात दुमडलेली, वाळवीची सरळ, बारीक मण्यांची माळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, वाळवीचे चारही सारखे, आणि अंगापेक्षा कितीतरी लांब. घरभर पडलेले सारख्या मापाचे पंख म्हणजे वाळवी, मग जरा चौकटी, कपाटांच्या पाठी बघून घ्या. या फरकाचे पैसे आहेत हो, मुंग्या उडाल्या तर काहीच करायचं नसतं.

इंग्रजीत वाळवीला पांढरी मुंगी म्हणायची जुनी सवय आहे. दोघींचं राज्य राणीचं, दोघींत कामकरी, सैनिक, वारूळ म्हणा भुईतलं घर म्हणा, सगळं सारखं. पण नातं विचाराल तर वाळवी निघाली झुरळाची. गंमत म्हणून नाही सांगत, २००७ मध्ये डीएनएवरून नात्यांची मांडणी झाली तेव्हा वाळवी झुरळांच्या वंशवृक्षाच्या आतच बसते हे पक्कं दिसलं, तिचा स्वतंत्र गण होता आयसॉप्टेरा, तो मोडून तिला झुरळांच्या गणात टाकलं. लाकूड खाणारी आणि कुटुंबाने राहणारी झुरळं आहेत जगात, त्यांच्याशी हिचं जवळचं नातं. मुंगी बिचारी मधमाशी-गांधीलमाशीच्या घरातली, तिचा इथे काही संबंध नाही. दोघींनी राणी-कामकरी ही व्यवस्था आपापली वेगवेगळी शोधली.

हे सांगितलं कारण वर्गीकरण म्हणजे सारख्या दिसणाऱ्यांची एका डब्यात भरणी, असं आपल्याला वाटतं, आणि सुरुवातीला तसंच होतं. स्वीडनचा लिनियस, त्याने १७५८ मध्ये आपल्या मोठ्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत कीटकांचे सात गण केले, पंखांवरून. वरची जी नावं मी घेतली, कोलिऑप्टेरा, लेपिडॉप्टेरा, डिप्टेरा वगैरे, त्यातली बहुतेक त्याच यादीत आहेत आणि अडीचशे वर्षं टिकलीयेत, कारण पंखांची ठेवण बऱ्याचदा खरोखरच वंशाने आलेली असते. पण ज्यांना पंखच नाहीत त्यांचं काय करायचं, तर त्याने सातवा डबा केला, अॅप्टेरा, बिनपंखी. त्यात ऊ, पिसू, कोळी, विंचू, गोम, इतकंच काय खेकडासुद्धा. म्हणजे घरात ज्या वस्तूंना जागा नसते त्या माळ्यावर टाकतो ना, तसं. आणि त्याच डब्यात लिनियसने मखमली कोळीही टाकला होता, म्हणजे मृगाच्या किड्याला कीटक म्हणणाऱ्या मावशीच्या बाजूने खुद्द लिनियस उभा आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तो माळा पुढे लोकांनी हळूहळू रिकामा केला. आज गण ठरतो तो नात्यावरून, कोण कुणाच्या पोटी आलं त्यावरून, दिसणं हा फक्त पुरावा.

लिनियसचाच एक विद्यार्थी होता, डेन्मार्कचा फॅब्रिशियस. त्याने १७७५ मध्ये वेगळीच मांडणी केली, म्हणाला पंख सोडा, तोंड बघा. कीटक खातो कसा यावरून गट. पुढे शास्त्राने ती मांडणी जशीच्या तशी ठेवली नाही, पण आपल्याकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन उभे राहा, फॅब्रिशियस तिथे रोज काउंटरवर असतो. "रसशोषक आहे का अळी आहे?" हा दुकानदाराचा पहिला प्रश्न. सुई खुपसून रस ओढणारा असेल तर मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, आणि औषध असं हवं जे झाडाच्या रसात उतरेल. पान कुरतडणारी, फळ पोखरणारी असेल तर जबडा, मग औषध वेगळं. एका प्रश्नात अर्धं वर्गीकरण उरकलं.

बीटी कापसाचंही तेच. आपल्याकडे २००२ पासून आला, आणि कित्येकांचा समज झाला की आता कापसाला कीडच लागणार नाही. बीटी कापसाचं झाड अळी मारणारं प्रथिन स्वतःच तयार करतं, ते बोंडअळ्यांवर चालतं, म्हणजे खवलेपंखी गणाच्या अळ्यांवर. मावा-तुडतुडे अर्धपंखी, त्यांच्यावर त्याचा काही परिणाम नाही, ते आपले सुई खुपसून मजेत. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनालाही दाद देणं सोडलं आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते कापूसवाल्यांना विचारा. इथे पण ओळखण्याची एक मेख आहे, नाव गुलाबी असलं तरी ही अळी लहानपणी पांढरट असते, गुलाबी होते मोठी झाल्यावर, आणि तोवर ती बोंडाच्या आत. गुलाबी अळी शोधत बसलात तर उशीर झाला. म्हणून जाणते लोक फुलं बघतात, न उमललेलं, पाकळ्या आत गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखं राहिलेलं फूल, डोमकळी, ती दिसली की आत अळी आहे समजायचं.

आता नावांचा घोळ. हरभऱ्यात घाटेअळी, तुरीत शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोत फळ पोखरणारी अळी, कापसात हिरवी बोंडअळी किंवा अमेरिकन बोंडअळी. चार पिकं, पाच नावं, आणि कीड एकच. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभरा काढला आणि शेजारी टोमॅटो असेल तर तीच पिढी पुढे सरकते, शेतकऱ्याला वाटतं नवीन रोग आला. शिवाय अमेरिकन म्हणतात ती मूळची अमेरिकेची नाहीच, ती आपल्या जुन्या जगातली, ब्राझीलमध्ये तिची नोंद झाली ती २०१३ मध्ये. याउलट मक्यावरची ती लष्करी अळी २०१८ ला भारतात आली, ती मात्र खरंच अमेरिका खंडातली. तिची ओळख सोपी, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके, लुडोच्या फाशावरच्या चारासारखे.

उलटा घोळ म्हणजे एक शब्द आणि मालक अनेक. माशी बघा, घरमाशी खरी माशी, मधमाशी नाही, पांढरी माशी तर माव्याच्या घरातली. भुंगा म्हणजे लाकूड पोखरणारी ती काळीभोर, गुं गुं करणारी मोठी मधमाशी, आणि भुंगाच म्हणजे नारळावरचा गेंड्या, तो म्यानवाला. कोकणात काजूच्या मोहोरावर जी कीड येते तिला इंग्रजीत टी मॉस्किटो म्हणतात, मॉस्किटोचा म ही नाही तिच्यात, ती अर्धपंखी, सुईवाली, आणि आपल्या लोकांनी तिचं नाव काय ठेवलंय, ढेकण्या! पैकीच्या पैकी मार्क.

म्हणून ती जीभ वळवणारी दोन शब्दी नावं लागतात. घाबरायचं कारण नाही, शाळेच्या हजेरीपटासारखं आहे, आडनाव आधी, नाव नंतर. एपिस हे आडनाव, म्हणजे प्रजाती, आणि मग डॉर्साटा म्हणजे आग्या, सेराना म्हणजे सातेरी, फ्लोरिया म्हणजे फुलोरी. एका घरातल्या तिघी. मध काढणाऱ्यांनी या तिघी केव्हाच वेगळ्या केल्या होत्या, पोळं उघड्यावर मोठं एकपदरी असेल तर आग्या, ढोलीत समांतर पोळी असतील तर सातेरी, झुडपात हाताच्या पंजाएवढं असेल तर फुलोरी. आडनावाच्या वर कुल, त्याच्या वर गण, गणाच्या वर वर्ग, आणि तो सगळ्यांचा एकच, कीटक.

आणखी एका ठिकाणी हमखास गडबड होते, वय. नाकतोड्याचं पिल्लू नाकतोड्यासारखंच दिसतं, पंख तेवढे नसतात, कात टाकत टाकत मोठं होतं. पण भुंगेरे, पतंग, माश्या, मधमाश्या यांचं बालपण वेगळ्याच रूपात जातं, अळी, मग कोष, मग प्रौढ, आणि आपण दोन्ही रूपांना दोन नावं ठेवून मोकळे. उसाच्या मुळाशी ती पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली हुमणी, आणि वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर घोंघावणारे तपकिरी भुंगेरे, हे एकच. हुमणीला शिव्या घालणारा माणूस त्याच संध्याकाळी भुंगेरे बघत अंगणात चहा पीत बसतो. ते झाडावर असतानाच फांद्या हलवून गोळा केले, रॉकेलच्या पाण्यात टाकले, तर जमिनीत अंडी जातच नाहीत, पण त्यासाठी आधी दोघांचं नातं माहीत पाहिजे.

गण, कुल इथपर्यंत डोळ्यांनी पोचता येतं. त्याच्या खाली, जातीपर्यंत जायचं तर जीव जातो, आणि कधी कधी तिथेच सगळं अडलेलं असतं. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसचं बघा. मलेरिया डासामुळे होतो हे सिद्ध करायला हा माणूस दोनेक वर्षं डास चिरत होता, बरेचसे चुकीचे, क्युलेक्स आणि एडिस, ज्यांच्यात माणसाच्या मलेरियाचा जंतू वाढतच नाही. मग सिकंदराबादला त्याच्या हाती पंखांवर ठिपके असलेले डास लागले, आणि २० ऑगस्ट १८९७ ला त्यातल्या एकाच्या पोटात त्याला जंतू दिसला. तो अॅनॉफेलीस होता. त्या वेळी रॉसला त्याचं नीट नावही सांगता येत नव्हतं, ठिपक्यांच्या पंखांचा डास असंच तो लिहीत होता. म्हणजे सूक्ष्मदर्शक होता, चिकाटी होती, अडलं होतं ते डास ओळखण्यापाशी.

तुम्हाला ते भिंतीवर बघून जमेल. बसल्यावर बूड वर, डोकं खाली, खिळा तिरका ठोकल्यासारखा, तो अॅनॉफेलीस. अंग भिंतीला समांतर, तपकिरी, रात्री कानाशी गाणारा क्युलेक्स, हत्तीरोगवाला. काळा, पायांवर पांढऱ्या पट्ट्या, दिवसाढवळ्या घोट्याला चावणारा एडिस, डेंग्यूवाला. पिंपातलं पाणी पांढऱ्या कपात घेऊन बघा, अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकत असतील तर क्युलेक्स नाहीतर एडिस, त्यांना श्वासाची नळी असते. पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडल्या असतील तर अॅनॉफेलीस, तिला नळी नाही. आणि झुबकेदार पिसासारख्या मिशा दिसल्या तर तो नर, त्याला सोडून द्या, तो चावत नाही.

डोळे संपतात तिथून पुढे काय? पुढे, आता हसू नका, जननेंद्रियं. कित्येक पतंग, भुंगेरे बाहेरून हुबेहूब, पण नराचा तो भाग जातीगणिक वेगळा असतो, मग पोटाचं टोक काढून, उकळून, स्लाइडवर ठेवून चित्रांशी ताडून बघतात. संग्रहालयातला टाचणीला टोचलेला एखादा मूळ नमुना असतो, ज्याच्यावरून त्या जातीचं वर्णन पहिल्यांदा लिहिलं गेलं, वाद झाला की त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं. आपल्याकडे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया हे काम १९१६ पासून करतं, मुख्य ऑफिस कोलकात्यात, एक केंद्र पुण्यातही आहे. आणि २००३ पासून डीएनए बारकोड आला, म्हणजे एका ठरावीक जनुकाची साधारण ६५० अक्षरं वाचायची आणि जुळवायची. पुढच्याच वर्षी कोस्टा रिकात एका फुलपाखराबद्दल दावा झाला की एक समजत होतो ती जात मुळात दहा जातींची आहे. प्रौढ सारखे, पण अळ्या वेगळ्या दिसायच्या आणि वेगवेगळ्या झाडांवर वाढायच्या, बारकोडने त्यावर शिक्का मारला. दहाचा आकडा बरोबर की कमी यावर नंतर वाद झालेच, होणारच.

तर मला, किंवा कुणालाही, फोटो पाठवायचा असेल तर एक पाठीवरून, एक बाजूने, जमला तर एक समोरून. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, नाहीतर मुंगी आणि झुरळ फोटोत एकाच मापाचे दिसतात. कुठे सापडला, कोणत्या झाडावर, दिवसा का रात्री, हे दोन ओळीत लिहा, त्याने निम्मं काम होतं. उडून जात असेल तर डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा (खालच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नको, आणि घरच्यांना सांगून ठेवा, मी एकदा नव्हतं सांगितलं). थंड झाला की गप बसतो, फोटो काढून सोडून द्या. आणि चिरडलेल्याचा फोटो पाठवून जात विचारू नका.

गेल्या महिन्यात काकांनी असा नीट फोटो पाठवला, नाण्यासकट. परसातली चवळी, शेंड्यावर काळा मावा गच्च बसलेला, आणि त्यात फिरणारे लांबट, काळपट, अंगावर नारंगी ठिपके आणि बारीक काटे असलेले, छोट्या मगरीसारखे किडे. "ह्या नवीन किडीला काय मारू?" पाय मोजले, सहा. पंख नाहीत, म्हणजे अजून लहान. खाली जबड्यांनी मावा धरलेला स्पष्ट दिसत होता. मी लिहिलं, काका हे ढालकिड्याचं पिल्लू आहे, तुमचा मावा तेच खातंय, काही मारू नका, राहू द्या.

दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ टायपिंग टायपिंग. मग, "सकाळीच फवारलं की गं."